हार्मोन भरून काढले तर हृदय वाचेल का?

१. तीन प्रश्न, एक समजूत

पाळी जाण्याच्या वयाला आलेल्या बायका डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात. पाळी चालू असेपर्यंत बाईच्या हृदयाला संरक्षण असतं म्हणे. मग पाळी गेल्यावर जे हार्मोन ओसरतं ते गोळीने भरून काढलं, तर हार्ट अटॅक टळणार नाही का? पन्नाशीतले पुरुष हेच जरा वेगळ्या तऱ्हेने विचारतात. ‘फुल बॉडी चेकअप’च्या रिपोर्टात टेस्टोस्टेरॉनचा आकडा कमी म्हणून ठळक छापलेला असतो, शुगर थोडी वर गेलेली असते, पोट सुटलेलं असतं, आणि इंजेक्शनांचा एखादा कोर्स घेतला तर हे सगळं एकदम मार्गी लागेल अशी आशा मनात असते. तिसरा प्रश्न मुलींच्या आयांचा. पाळी अनियमित म्हणून सोनोग्राफी केली, पीसीओडी निघालं, इथवर ठीक. पण डॉक्टरांनी साखर आणि कोलेस्टेरॉल का तपासायला लावलं? पाळीचा नि साखरेचा संबंध काय?

तिन्ही प्रश्नांमागे एकच समजूत आहे: प्रजननाशी निगडित हार्मोनांची पातळी आणि हृदय-चयापचयाचं आरोग्य यांचं नातं आहे, म्हणून पातळी दुरुस्त केली की आरोग्यही दुरुस्त होईल. या वाक्यातला ‘म्हणून’च्या आधीचा भाग खरा आहे आणि त्याला भक्कम पुरावा आहे. नंतरचा भाग कधी खरा ठरतो, कधी अर्धवट, आणि कधी चक्क उलटा. उन्हाळ्यात टंचाईच्या गावात टँकर येऊन सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो तेव्हा विहिरीची पातळी वर येते. पण त्याने शिवारातलं भूजल वाढत नाही. पातळी खाली गेली ती जमिनीखालचं पाणी आटलं म्हणून. उलट भूजल भरपूर असताना कुणी विहीरच बुजवून टाकली असेल, तर मात्र टँकरशिवाय गत्यंतर नाही. दोन्हीकडे दोरीला बांधलेली घागर कोरडीच वर येते, उपाय मात्र वेगळे. हार्मोनच्या रिपोर्टाचंही असंच आहे. आकडा किती, यापेक्षा तो तिथे का गेला, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. वैद्यकशास्त्राने तो नेमका उलट्या क्रमाने सोडवला आणि त्याची किंमत मोजली.

२. नातं आहे हे कशावरून

इस्ट्रोजेन बायकांचं आणि टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं, अशी वाटणी शाळेच्या पुस्तकात सोयीची असते. प्रत्यक्षात दोन्ही हार्मोन दोन्ही शरीरांत असतात, फक्त प्रमाण वेगळं. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होतं, आणि बाईच्या बीजकोशात इस्ट्रोजेन तयार होतं तेच मुळी टेस्टोस्टेरॉनच्या जातीच्या हार्मोनांपासून. शिवाय ही हार्मोन फक्त जननेंद्रियांसाठी नसतात. ती ओळखून त्यांना प्रतिसाद देणारे रेणू, म्हणजे ग्राही, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, यकृतात, चरबीच्या पेशींत आणि स्नायूंत सापडतात. इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्तातलं ‘वाईट’ म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल जास्त उचलतं. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतं, त्यामुळे वाहिनी सैल राहते. चरबी पोटापेक्षा मांड्या-नितंबांकडे साठते, आणि तिथली चरबी हृदयाला पोटातल्या चरबीइतकी घातक नसते.

ही नुसती प्रयोगशाळेतली माहिती नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८पासून हजारो रहिवाशांच्या हृदयाची नोंद ठेवली जाते. तिथल्या संशोधकांनी १९७६मध्ये दाखवलं, की एकाच वयाच्या बायकांची तुलना केली तर पाळी गेलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो. म्हणजे हा नुसता वाढत्या वयाचा परिणाम नाही. अमेरिकेतल्याच ‘स्वान’ नावाच्या अभ्यासात बायकांना पाळी जाण्याच्या आधीपासून नंतरपर्यंत अनेक वर्षं दरवर्षी तपासलं गेलं. एलडीएल कोलेस्टेरॉल शेवटच्या पाळीच्या आसपासच्या एका वर्षात एकदम उडी मारतं, असं त्यात दिसलं. रक्तदाब आणि साखर मात्र वयाबरोबर सावकाश वाढत होती, त्यांत तशी उडी नव्हती. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पाळी जाण्याच्या नावावर जे काही खपवलं जातं त्यातलं बरंचसं नुसतं वय झाल्याचं असतं.

सर्वांत बोलका पुरावा एका पुरुषाचा आहे. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या शरीरातला इस्ट्रोजेनचा मुख्य ग्राहीच निकामी होता. म्हणजे रक्तात हार्मोन भरपूर, पण ते ओळखणारं कुणी नाही. १९९४मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याची उंची अजून वाढतच होती, हाडं ठिसूळ होती, आणि त्याचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. काही वर्षांनी तपासलं तेव्हा एवढ्या तरुण वयात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जमू लागल्याचं दिसलं. ‘बायकांचं हार्मोन’ पुरुषाच्याही हृदयाला लागतं, हे यातून कळतं. टेस्टोस्टेरॉनबद्दल असाच पुरावा प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या उपचारातून मिळाला. त्यात टेस्टोस्टेरॉन मुद्दाम जवळपास शून्यावर आणतात, आणि असे उपचार घेणाऱ्या पुरुषांत चरबी वाढते, स्नायू घटतात नि मधुमेह जास्त होतो. तेव्हा नात्याबद्दल वाद नाही.

३. गोळीने शिकवलेला धडा

गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन ‘प्रीमेरिन’ या नावाने अमेरिकेच्या बाजारात आलं ते १९४२मध्ये. सुरुवातीचा उद्देश साधा होता: पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या वाफा, घाम, झोपेचं खोबरं, यावर उतारा. त्यासाठी हे औषध आजही सर्वांत गुणकारी आहे. पुढे दावे वाढत गेले. १९६६मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरचं ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक गाजलं, आणि पाळी जाणं हा एक कमतरतेचा आजार आहे, तो हार्मोनने बरा करायचा, असा सूर सर्वत्र लागला. मग हृदयाचा मुद्दा आला. १९७६मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासाने १९८५मध्ये जाहीर केलं, की हार्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये हृदयविकार बराच कमी आढळतो. गंमत म्हणजे त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात फ्रॅमिंगहॅमच्या संशोधकांचा निबंध होता आणि त्याचा निष्कर्ष नेमका उलट होता. लोकांच्या लक्षात पहिला राहिला. १९९०च्या दशकात प्रीमेरिन अमेरिकेत सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक झालं, आणि अनेक डॉक्टर ते निव्वळ हृदयासाठी देऊ लागले.

नुसत्या निरीक्षणावर भरवसा ठेवण्यात अडचण अशी की गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असतात. गोळी घेणारी सहसा जास्त शिकलेली, जास्त पैसेवाली, कमी वजनाची आणि डॉक्टरकडे वेळच्या वेळी जाणारी असते. तिचं हृदय गोळीमुळे चांगलं की परिस्थितीमुळे, हे सांगणार कसं? याची एक विलक्षण साक्ष ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या अमेरिकी चाचणीत मिळाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पुरुषांवरच्या या चाचणीत काहींना परिणामशून्य गोळी दिली होती. ती नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले आणि ती टाळणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. गोळीत काहीच नव्हतं. फरक होता तो गोळी नेमाने घेणाऱ्या माणसात. याच चाचणीत काही पुरुषांना इस्ट्रोजेनही दिलं होतं. बायकांचं हृदय ते वाचवतं तर पुरुषांचंही वाचवेल, असा सरळ हिशेब होता. झालं उलटं. अटॅक आणि गुठळ्या वाढल्या, आणि जास्त मात्रेचा गट १९७०मध्ये, तर कमी मात्रेचा १९७३मध्ये बंद करावा लागला. हा इशारा बायकांच्या बाबतीत कुणी फारसा मनावर घेतला नाही.

खरी परीक्षा म्हणजे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडायचे आणि एका गटाला हार्मोन, दुसऱ्याला परिणामशून्य गोळी द्यायची. १९९८मध्ये ‘हर्स’ या चाचणीचा निकाल आला. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांना हार्मोनने एकंदरीत काहीच फायदा झाला नव्हता, आणि पहिल्या वर्षात तर त्रास वाढला होता. त्यानंतर ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ ही त्याहून खूप मोठी चाचणी. १६,६०८ बायका, वय ५० ते ७९, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दुसऱ्या हार्मोनची एकत्र गोळी. ती जुलै २००२मध्ये मुदतीच्या तीन वर्षांहून अधिक आधी थांबवावी लागली. जगभर मथळे झाले, कोट्यवधी बायका घाबरल्या आणि औषधांची विक्री कोसळली.

इथे थोडा हिशेब करून पाहू. परिणामशून्य गोळी घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला हृदयविकाराच्या घटना ३० होत्या. हार्मोन घेणाऱ्यांत ३७. ‘धोका पाव पटीने वाढला’ असं म्हटलं तर छातीत धस्स होतं. तेच आकडे असे मांडा: १,००० बायकांनी पाच वर्षं हार्मोन घेतलं तर १५ऐवजी १८-१९ जणींना त्रास होईल. दोन्ही विधानं खरी आहेत; दुसऱ्यात विचार करायला जागा उरते. पक्षाघात, फुप्फुसातली गुठळी आणि स्तनाचा कॅन्सर यांतही साधारण एवढीच वाढ होती, दर १०,०००मागे वर्षाला आठ-आठ. उलट खुब्याचं हाड मोडणं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झाला होता. आणि ज्याची चर्चा फार कमी झाली अशी गोष्ट म्हणजे नव्याने होणारा मधुमेह सुमारे पाचव्या हिश्शाने घटला होता. एकच गोळी, चयापचयाला काहीशी हितकर, गुठळ्यांच्या बाबतीत अहितकर. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं, हे त्याचं एक कारण. विहिरीतली पातळी वर आणतानाही पाणी कोणत्या नळाने येतं याला महत्त्व असतं, ते असं.

यावर एक रास्त आक्षेप घेतला गेला. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बाईच्या रक्तवाहिनीत थर आधीच जमलेले असतात. मग तरुणपणी सुरू केलं असतं तर? या आक्षेपात तथ्य आहे. थॉमस क्लार्कसन यांनी नॉर्थ कॅरोलायनात माकडिणींवर केलेल्या प्रयोगांत बीजकोश काढल्यावर लगेच इस्ट्रोजेन दिलं तर थर कमी जमले. उशिरा दिलं तर काहीच उपयोग झाला नाही. २०१६मध्ये आलेल्या ‘एलिट’ चाचणीत ६४३ बायकांचे दोन गट होते: पाळी जाऊन सहा वर्षं न झालेल्या आणि दहा वर्षांहून अधिक झालेल्या. पहिल्या गटात मानेच्या रक्तवाहिनीची भिंत जाड होण्याचा वेग हार्मोनने मंदावला, दुसऱ्यात नाही. पण ‘कीप्स’ नावाच्या दुसऱ्या चाचणीत, पाळी नुकतीच गेलेल्या बायकांतही असा फरक दिसला नव्हता. माझ्या मते यातून निघतं ते एवढंच, की पन्नाशीच्या आसपास वाफांचा जीव नकोसा करणारा त्रास असेल आणि इतर धोके नसतील, तर हृदयाच्या भीतीने हार्मोन नाकारायचं कारण नाही. हृदय वाचावं म्हणून घ्यावं, असं म्हणण्याइतका पुरावा मात्र अजून हाती नाही.

४. पीसीओडी: बाण उलट्या दिशेने

आतापर्यंत आपण हार्मोनपासून हृदयाकडे जाणारा बाण पाहिला. पीसीओडीत तो उलट फिरतो. दाढीमिशा आलेल्या बायकांना मधुमेह होतो हे निरीक्षण फ्रान्समधल्या आशार आणि तिएर या डॉक्टरांनी १९२१मध्ये नोंदवलं होतं. १९३५मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी पाळी न येणाऱ्या, बीजकोश मोठे झालेल्या सात बायकांचं वर्णन केलं आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं. दोन्ही निरीक्षणं त्यानंतर जवळपास पंचेचाळीस वर्षं एकमेकांना भेटलीच नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञ बीजकोश पाहत राहिले आणि मधुमेहतज्ज्ञ साखर. १९८०मध्ये लक्षात आलं, की या बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनबरोबर इन्सुलिनही जास्त असतं.

इन्सुलिनचं काम रक्तातली साखर स्नायूंत आणि चरबीत पोचवणं. स्नायू त्याला दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन ओततं. साखर काही वर्षं आवाक्यात राहते, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो, पण हे जादा इन्सुलिन रक्तात फिरत राहतं आणि बीजकोश मात्र त्याला पुरेपूर दाद देतात. तिथे टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन वाढतात, बीज पिकत नाही, पाळी लांबते. सोनोग्राफीत ज्या ‘गाठी’ दिसतात त्या गाठी नसतातच. वाढता वाढता थांबलेल्या बीजांच्या पिशव्या असतात त्या. मानेवर, काखेत कातडी काळपट नि जाडसर होते ती याच जादा इन्सुलिनमुळे. घासून ती जात नाही, आणि मुलीच्या अंघोळीवरून घरात होणारी बोलणी अगदीच वाया जातात. बाणाची दिशा खरोखर अशीच आहे का, हे तपासायला अमेरिकेत जॉन नेस्लर यांनी १९८९मध्ये एक नेटका प्रयोग केला. स्थूल पीसीओडी रुग्णांना त्यांनी इन्सुलिनचा स्राव दाबणारं औषध दिलं, आणि बीजकोशाला हात न लावता टेस्टोस्टेरॉन उतरलं. १९९४मध्ये व्हेनेझुएलातून बातमी आली, की मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिल्यावर काही जणींची पाळीही परत आली.

‘पण आमची मुलगी तर बारीक आहे,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. आपल्याकडे त्यात आश्चर्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीरयष्टी जगापुढे मांडली. २००४मध्ये त्यांनी आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही सडपातळ म्हणत होता. तेव्हा पीसीओडी निघालेल्या मुलीचं वजन कितीही असो, ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कंबरेचा घेर पाहायलाच हवा. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी अनेकदा पाळी आपोआप सुधारते. पाळी आणणाऱ्या गोळ्यांना वेगळं काम आहे, गर्भाशयाचं अस्तर फार जाड होऊ न देण्याचं, आणि ते महत्त्वाचं आहे. पण महिन्याच्या महिन्याला पाळी येऊ लागली म्हणून इन्सुलिनचा प्रश्न सुटला असं होत नाही.

५. पुरुषाचा कमी आकडा

टेस्टोस्टेरॉनच्या रिपोर्टातला पहिला सापळा म्हणजे ‘एकूण’ आणि ‘मोकळं’ यांतला फरक. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्यातलं एक प्रथिन, एसएचबीजी, ते घट्ट धरून ठेवतं. पेशींना सहज मिळतं ते मोकळं राहिलेलं दोन-तीन टक्के. एसएचबीजी यकृतात तयार होतं, आणि लठ्ठपणा व जादा इन्सुलिन असलं की ते घटतं. समजा एकाचं एकूण टेस्टोस्टेरॉन ५०० आहे आणि त्यातलं दोन टक्के मोकळं, म्हणजे १०. दुसऱ्याचं एकूण ३५०, पण एसएचबीजी कमी म्हणून तीन टक्के मोकळं, म्हणजे साडेदहा. रिपोर्टात दुसरा बिचारा वाटतो, प्रत्यक्षात पेशींच्या वाट्याला दोघांचं सारखंच येतं. दुसरा सापळा वेळेचा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, आजारपणात उतरतं. म्हणून सकाळी, वेगवेगळ्या दोन दिवशी तपासल्याशिवाय निदान करू नये. पॅकेजमधल्या एका आकड्यावर इंजेक्शन सुरू करणं म्हणजे निव्वळ घाई.

लठ्ठपणा वाढला की मोकळं टेस्टोस्टेरॉनसुद्धा खरोखर कमी होऊ शकतं, पण तिथेही पोटाची चरबी हे बहुधा मूळ असतं. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतात, आणि मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश क्षीण होतो. वजन उतरवलं की आकडा वर येतो. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर तर ठळकपणे येतो. उलट बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्याने हृदयाला काय होतं, हे पाहायला अमेरिकेत ‘ट्रॅव्हर्स’ ही चाचणी झाली आणि २०२३मध्ये तिचा निकाल आला. टेस्टोस्टेरॉन कमी असलेले, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष. अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू: औषधाच्या गटात ७.० टक्के, परिणामशून्य गटात ७.३. म्हणजे नुकसान नाही नि फायदाही नाही. मात्र हृदयाची अनियमित धडधड आणि फुप्फुसातली गुठळी औषधाच्या गटात जास्त. पुढे याच चाचणीतल्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांचा हिशेब वेगळा काढला, तेव्हा साखरेलाही फरक पडला नव्हता.

ऑस्ट्रेलियातली २०२१ची चाचणी मात्र या सुरात सूर मिळवत नाही, आणि ती वगळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पोट सुटलेल्या १,००७ पुरुषांना वजन घटवण्याचा कार्यक्रम दिला आणि अर्ध्यांना त्याबरोबर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. दोन वर्षांनी मधुमेह इंजेक्शनवाल्यांत १२ टक्के, इतरांत २१. फरक मोठा आहे. पण इंजेक्शनवाल्यांपैकी सुमारे २२ टक्के जणांचं रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत दाट झालं. शिवाय इथे हार्मोन एकटं नव्हतं, आहार-व्यायामाच्या जोडीला होतं. भूजल भरण्याचं काम चालू असताना टँकर आला तर तो कामी येऊ शकतो, एवढं यातून मान्य करायला हवं.

६. जनुकांची साक्ष

निरीक्षणात आधी काय नि नंतर काय हे कळत नाही. चाचण्या महाग आणि थोड्या वर्षांच्या. यातून एक चतुर वाट निघाली आहे. काही लोकांना जन्मतःच अशी जनुकं मिळालेली असतात की त्यांचं टेस्टोस्टेरॉन किंवा एसएचबीजी आयुष्यभर थोडं जास्त राहतं. ही वाटणी गर्भधारणेच्या क्षणी होते, तेव्हा पोट, सिगारेट, पगार यांचा तिच्याशी संबंध नसतो. जास्त पातळीची जनुकं असलेल्यांत मधुमेह कमी आढळला, तर हार्मोन हे कारण असण्याची शक्यता बळावते. २०२०मध्ये ब्रिटनमधल्या सव्वाचार लाख लोकांच्या जनुकांचा असा अभ्यास झाला. उत्तर एकच आलं नाही, दोन आली. टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या जनुकांनी बायकांत मधुमेहाचा धोका ३७ टक्क्यांनी वाढवला आणि पुरुषांत १४ टक्क्यांनी घटवला.

म्हणजे मी मांडत आलो त्या ‘पातळी हा परिणाम, मूळ दुसरीकडे’ या म्हणण्याला इथे मुरड घालावी लागते. पीसीओडीत इन्सुलिन टेस्टोस्टेरॉन वाढवतं, आणि वाढलेलं टेस्टोस्टेरॉन इन्सुलिनची दाद आणखी कमी करतं. चक्र दोन्हीकडून फिरतं. पुरुषाच्या कमी आकड्यातही कारणाचा थोडा अंश आहेच. पण जनुकांचा परिणाम जन्मभराचा असतो, साठीत सुरू केलेल्या इंजेक्शनचा नव्हे. आणि एकच हार्मोन नवऱ्याच्या शरीरात एक नि बायकोच्या शरीरात दुसरं काम करत असेल, तर ‘हार्मोन बॅलन्स’ करून देणाऱ्या सरसकट चूर्णांबद्दल वेगळं काही बोलायला नको.

७. विहीर बुजवली जाते तेव्हा

एका ठिकाणी मात्र भरून काढण्याचा सल्ला जवळपास सगळे तज्ज्ञ देतात: चाळिशीच्या आत बीजकोशांचं काम थांबलं, किंवा पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश शस्त्रक्रियेने काढले तर. इथे पातळी कशामुळे पडली हे उघड आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा बायकांचा अनेक दशकं मागोवा घेतला. ४५च्या आत बीजकोश काढलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले, आणि ज्यांना नंतर इस्ट्रोजेन दिलं होतं त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. हेही निरीक्षणच, हा आक्षेप मी स्वतःच घेतला पाहिजे. परिचारिकांच्या अभ्यासाला जो नियम लावला तो इथेही लागू. पण इथे माकडिणींचे प्रयोग आणि ग्राही नसलेला तो तरुण एकाच दिशेने बोट दाखवतात. शिवाय हिशेब वेगळा आहे: पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत जे हार्मोन शरीरात असायलाच हवं होतं तेवढंच द्यायचं असतं. म्हणून कॅन्सर किंवा गुठळ्यांसारखी अडचण नसेल तर त्या वयापर्यंत ते द्यावं, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या अगदी अंगणातला आहे. भारतात पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, युरोप-अमेरिकेत ५१च्या आसपास. म्हणजे मुळातच आपल्याकडे चार-पाच वर्षं कमी. त्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पिशवी तरुण वयातच काढली जाते, ही गोष्ट २०१९मध्ये उघडकीला आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तेव्हा चर्चा झाली ती मुकादमाचा दंड, बुडणारी मजुरी आणि खासगी दवाखान्यांची नफेखोरी यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. हृदयाचा मुद्दा त्यात मागे पडला. नुसती पिशवी काढली आणि बीजकोश ठेवले, तरी ते सरासरी काही वर्षं लवकर थकतात. दोन्ही काढले तर तिशीतल्या बाईचं इस्ट्रोजेन एका दिवसात संपतं. पाळी तर दोन्ही प्रकारांत थांबते, त्यामुळे आपल्याला नक्की काय झालं हे तिला स्वतःला कळायचा मार्ग नसतो. ‘पिशवी काढली’ एवढंच तिला सांगितलेलं असतं. दहा-पंधरा वर्षांनी छातीत दुखतं म्हणून ती ग्रामीण रुग्णालयात आली, तर डॉक्टरांना तिचा धोका जोखण्यासाठी दोन गोष्टी हव्या असतात: शस्त्रक्रियेच्या वेळचं वय आणि बीजकोश ठेवले की काढले. दोन्ही गोष्टी डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत मावतात, आणि ते कार्ड मागून घेऊन जपून ठेवायला काही खर्च येत नाही.